दुसऱ्या बाजूने

१

रविवारी सकाळी अकरा वाजले की खारू बाबांच्या घरी यायची आणि दोघं मिळून आईने काढलेला एक व्हिडिओ बघायचे. एकच. नियम बाबांचा होता. "सगळे एकदम बघितले तर संपतील," असं ते म्हणायचे, जणू काही ती डब्यातली बिस्किटंच होती.

खारू हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून आई तिला खार म्हणायची, त्याचं खारू झालं. आता ती छत्तीस वर्षांची होती, एका शाळेत आरोग्यसेविका होती, दर सहामाहीला साडेआठशे मुलांची उंची आणि वजन मोजत होती, तरी घरात खारूच राहिली. आईबाबांची एकुलती एक. बाबांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी औषधाच्या खोक्यावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांचं बोट आपोआप तिकडे जायचं.

आणि आई. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

खारू पाच वर्षांची असताना आईने एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. तो ती कुणाच्या हातात देत नसे. "तुम्ही माणसांची डोकी कापता," असं बाबांना सुनवायची. त्यामुळे झालं काय, की एकूण दोनशे बारा व्हिडिओ, आणि त्यातल्या एकातही आई नव्हती. होता तो तिचा आवाज. 'इकडे बघ', 'उजेडात ये', 'किती छान', असं कॅमेऱ्याच्या मागून बोलणारा, मधूनच स्वतःशी हसणारा. पुढे टेपांना बुरशी लागायला लागली, तेव्हा बाबांनी सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं आणि टेपा फेकून दिल्या. एका वहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात यादी केली होती. क्रमांक, तारीख, लांबी किती मिनिटं किती सेकंद, आणि पुढे एक ओळ: 'खारू सायकल शिकते. पडते. हसते.'

त्या रविवारी घरात नवा टीव्ही आला होता. खारूने हार्ड डिस्क त्याला जोडली. पडद्यावर बारीक अक्षरांत काहीतरी आलं. तिचा चष्मा पर्समध्ये, पर्स बाहेरच्या खोलीत. तिने रिमोटवरचं 'ओके' दाबलं.

"काय विचारत होता गं तो?" बाबांनी चहाचे कप ठेवत विचारलं.

"काही नाही. जोडू का म्हणून."

मिनिटभराने पडद्यावर एक रिकामा चौकोन आला. डिस्क वापरायला तयार आहे, असं त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आत काहीच नव्हतं. खारू चष्मा आणायला धावली, जणू चष्मा लावल्यावर व्हिडिओ दिसणार होते.

"बाबा," ती परत येऊन म्हणाली, "मी सगळं पुसलं."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "तुझ्या हातून नसतं झालं तर माझ्या हातून झालं असतं. चहा घे." पण त्यांचा स्वतःचा चहा तसाच राहिला, आणि त्यावर साय धरली.

२

पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या डिस्कवाल्याचं दुकान एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून गेलं की लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, आणि टेबलांवर उघडी पडलेली यंत्रं. स्वतः डिस्कवाला जाडजूड, आनंदी माणूस होता. रडवेली माणसं बघायची त्याला सवय असावी.

"त्यानंतर ह्यावर काही कॉपी केलंत?"

"नाही."

"टीव्हीला परत लावली?"

"हातसुद्धा लावला नाही," बाबा म्हणाले.

"मग घाबरू नका. आजोबा, काम काय करायचात?"

"मुद्रितशोधक."

"मग तुम्हाला लगेच कळेल. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पण पानं आत शाबूत आहेत. फक्त कुठलं पान कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. मी एकेक पान चाळणार, आणि जिथे नवं प्रकरण सुरू झाल्यासारखं वाटेल तिथे खूण करणार."

"म्हणजे मुद्रितच तपासायचं," बाबा म्हणाले, आणि रविवारनंतर पहिल्यांदा हसले.

चार दिवसांनी दुपारी खारू शाळेत असताना त्याचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन. सगळं आलं. उलट जास्तच आलंय."

"जास्त म्हणजे?"

"तुमच्या वडिलांच्या वहीत दोनशे बारा आहेत ना? माझ्याकडे चारशे पंचवीस फाइली निघाल्या. होतं असं. उतरवून घेताना कुणीतरी दोनदा उतरवलेलं असतं. आमच्याकडे त्याला आम्ही जुळ्या फाइली म्हणतो. तारीख तीच, लांबी तीच. मी काही पुसलं नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

दोनशे बाराचे दुप्पट चारशे चोवीस होतात, हे खारूच्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं. पण तेव्हा दारात तिसरीचा वर्ग रांगेत उभा होता आणि तिला इतका आनंद झाला होता की तो एक आकडा तिने सोडून दिला.

३

रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मांडीवर वही, खिशाला लाल पेन. खारूने स्वतःचा लॅपटॉप आणला होता. टीव्हीच्या बाबतीत तर तिने कानाला खडाच लावला होता.

पहिला व्हिडिओ लागला. ह्याच घरातली ही जेवणाची खोली, हेच टेबल. पाच वर्षांची खारू खुर्चीवर उभी राहून कागदाचा मुकुट घालून गाणं म्हणत होती, अर्धं विसरत होती. मागून आईचा आवाज: "पुढे? पुढे काय?" बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वहीत एक नंबरसमोर टिकलीएवढी लाल खूण केली.

"आता जुळी बघू आणि पुसून टाकू," खारू म्हणाली. तिने दुसरी फाइल उघडली.

तेच टेबल, तीच खुर्ची, तोच मुकुट. पण खारूची पाठ दिसत होती. आणि तिच्या पलीकडे, खिडकीच्या उजेडात, निळा स्वेटर घातलेली, तिशीतली, केस कानामागे खोचलेली आई उभी होती. तिच्या उजव्या डोळ्याला कॅमेरा होता.

"पुढे? पुढे काय?" आई म्हणाली. ओठ हलताना दिसले.

बाबांच्या हातातलं पेन खाली पडलं आणि घरंगळत सोफ्याखाली गेलं.

"अगं," बाबा म्हणाले, "ही बघ. ही बघ की आपली."

व्हिडिओच्या शेवटी आईने कॅमेरा डोळ्यापासून दूर केला, आणि ती खारूकडे नाही, तर थेट ह्या बाजूला, खाली बघून हसली. मग व्हिडिओ संपला. दोन मिनिटं अकरा सेकंद. वहीतही तेच होतं.

४

त्या दिवशी नियम मोडला. त्यांनी बारा जोड्या बघितल्या. बाबांचा आनंद ओसंडून चालला होता. आईचा हा स्वेटर आठवतो का, ही तिची उभं राहायची पद्धत बघ, एका पायावर भार देऊन, ह्या कपाची कड मीच फोडली होती आणि तिने दोन दिवस अबोला धरला होता. खारूही हसत होती, रडत होती. पण एखाद्या चांगल्या जेवणात मधूनच दाताखाली खडा यावा तसा एक प्रश्न तिला सारखा लागत होता.

"बाबा, हे काढलं कुणी?"

"कुणीतरी काढलं असेल. शेजारची यायची."

"शेजारच्यांकडे कॅमेरा होता?"

"नव्हता बहुतेक." बाबा विचारात पडले. "तुझा मामा?"

"मामा वर्षातून एकदा यायचा. आणि ह्या बारा व्हिडिओंच्या तारखा बघा. चार महिन्यांच्या आहेत. शिवाय दुसऱ्या कुणाचं चित्रण आपल्या टेपांवर कसं असेल?"

बाबांनी वही मिटली. "खारू," ते हळूच म्हणाले, "मला ती दिसली. तीस वर्षं ती कॅमेऱ्यामागे लपली, आणि आज मला ती दिसली. आजचा दिवस मला नको विचारूस."

तिने विचारलं नाही. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून ती घरी गेली. पण फाइली तिने स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलेल्या होत्याच.

५

सोमवारी शाळा सुटल्यावर ती आरोग्यकक्षातच थांबली. चार वाजले होते. बाहेर शिपाई बाकं ओढत होता, त्याचा आवाज येत होता. रिकाम्या खोलीत वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, आणि भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र.

तिने लॅपटॉपवर मूळ व्हिडिओ डावीकडे ठेवला, जुळा उजवीकडे, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू केले. सव्विसावा होता. बाबा शिडीवर चढून बल्ब बदलत होते, आई त्यांना चिडवत होती. एका ठिकाणी आईने कॅमेरा हातात धरूनच सगळ्या खोलीवरून फिरवला. बाबा, शिडी, दार, कपाट, कपाटाशेजारचा कोपरा, खिडकी.

उजवीकडच्या व्हिडिओत नेमक्या त्याच क्षणी आईच्या कॅमेऱ्याची काच वळत वळत आली, सरळ समोर आली, चमकली, आणि पुढे गेली.

म्हणजे दुसरा कॅमेरा त्या कोपऱ्यात होता. खारूने डावीकडचा व्हिडिओ मागे घेतला आणि तिथेच थांबवला. कपाटाशेजारचा कोपरा. भिंत. भिंतीवर उन्हाचा पट्टा. कुणी नाही, काही नाही. तिने दहा वेळा पाहिलं. उन्हाचा पट्टा अखंड होता.

आरसा असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग आठवलं, त्या कोपऱ्यात आरसा कधीच नव्हता, आणि आरशात कपड्यावरची अक्षरं उलटी दिसली असती. संगणकाची काही करामत असेल. म्हणून तिने डिस्कवाल्याला फोन लावला.

"मॅडम, फाइल परत आणणं म्हणजे काढून घेणं," तो म्हणाला. "यंत्र स्वतःचं काही घालत नाही. जे कधीतरी त्या डिस्कवर लिहिलं गेलं होतं, तेवढंच मिळतं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "का हो? काही वावगं आहे का त्यात?"

"नाही, नाही," खारू म्हणाली. "सगळं आमच्या घरातलंच आहे."

६

तिच्या एक गोष्ट लक्षात आली ती तिच्या कामामुळे. दुसऱ्या कुणाच्या आली नसती.

टेबलाच्या पातळीत डोळा असला की टेबलाचा वरचा भाग दिसत नाही, नुसती कड दिसते, एका रेघेसारखी. पहिल्या वर्षीच्या जुळ्या व्हिडिओंमध्ये जेवणाचं टेबल रेघेसारखं दिसत होतं. दीड वर्षाने स्वयंपाकाचा ओटा रेघ झाला, तेव्हा टेबलावरच्या वस्तू वरून दिसायला लागल्या होत्या. पुढे खिडकीचा कट्टा. मग पुस्तकांच्या मांडणीचा तिसरा कप्पा. मग चौथा. ह्यातली एकही वस्तू बाबांनी हलवली नव्हती. बुधवारी ती मोजायची टेप घेऊन गेली आणि बाबा दुपारची डुलकी काढत असताना तिने सगळ्यांची उंची मोजली.

परत शाळेत येऊन तिने एक कोरा तक्ता घेतला, मुलांच्या वाढीचा, तिच्या रोजच्या वापरातला, आणि व्हिडिओंच्या तारखांप्रमाणे टिंबं काढत गेली. टिंबं जोडली. हाताला सवय होती, त्यामुळे वेळ लागला नाही.

तिच्यापेक्षा तीनेक वर्षांनी लहान. सहाव्या वर्षी किंचित मागे, बहुधा आजारपण. त्याच हिवाळ्यात खारूला गोवर झाला होता. मग भरून काढलेलं. पुढे चढती, नितळ रेघ, आणि फ्रीजच्या माथ्याची रेघ झाली तिथे सपाट. शाळेत असं मूल आलं असतं तर तिने शेरा लिहिला असता: वाढ व्यवस्थित.

तिने तक्ता उलटा ठेवला. वर वजनकाटा ठेवला.

रविवारपर्यंत तिला धीर निघाला नाही. गुरुवारी संध्याकाळी ती बाबांकडे गेली आणि आडवळण न घेता विचारलं, "बाबा, माझ्यानंतर कुणी होतं का? झालेलं, न झालेलं, कसंही."

"नाही गं. तुझ्या वेळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुढे नाही. तिने कधी त्याचं दुःखही केलं नाही. मला नवल वाटायचं." त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला. "तूसुद्धा तिथवर आलीस तर."

"म्हणजे तुम्ही..."

"मी मंगळवारपासून ऐकतोय. डोळे मिटून. तुझी आई व्हिडिओत मधेच काहीतरी बोलायची, 'उजेडात ये', 'पडशील हं', 'हात दुखला का', 'किती छान धरलंय'. मला वाटायचं माझ्याशी नाहीतर तुझ्याशी बोलते. पण तू तर खुर्चीवर बसलेली असायचीस, तू कुठे पडणार? आणि मी काय धरलंय छान?" त्यांनी वही उघडली. आत सगळी वाक्यं लाल शाईत उतरवलेली होती. "आता ही वाक्यं बघ. एकशे चौदा आहेत. एकातही 'आलास' नाही की 'आलीस' नाही. दमलास नाही, दमलीस नाही. बाळ म्हणते, ये म्हणते, पडशील म्हणते. बोलताना एवढं सांभाळून कुणी बोलत नाही, खारू. मी जन्मभर वाक्यं तपासली आहेत. हे सांभाळून बोललेलं आहे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वाटते," ते म्हणाले. "पण तिने एवढ्या मायेने कुणाशी बोलावं आणि मला त्याची भीती वाटावी, हे मनाला पटत नाही."

७

शेवटची फाइल, जिला जुळं नव्हतं, ती दोनशे तेरावी. वहीत तिची नोंद नव्हती, कारण तोवर आईला कॅमेरा उचलवत नव्हता. तारीख आई जायच्या नऊ दिवस आधीची. टेपा फेकून देऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि हार्ड डिस्क कपाटात होती.

ती त्यांनी शनिवारी सकाळी बघितली, खिडक्या उघड्या ठेवून, शेजारशेजारी बसून.

आईची खोली. दुपारचा उजेड. पलंगावर आई उशांना टेकून बसलेली, इतकी बारीक की दोघांच्याही तोंडून एकदमच उसासा निघाला. खिडकीजवळच्या खुर्चीत खारू झोपलेली, मान वाकडी, तोंड उघडं. बाबा नव्हते. ते औषधं आणायला गेले असणार.

आई बराच वेळ नुसती ह्या बाजूला बघत होती.

"ताईला उठवू नको," ती म्हणाली. "रात्रभर जागी आहे."

खारूने बाबांचा हात घट्ट धरला. ह्या घरात तिला कधी कुणी ताई म्हटलं नव्हतं.

"मी गेले की ह्यांना दुपारी एकटं सोडू नको. सकाळ-संध्याकाळ ते काहीतरी काढून बसतात. दुपार त्यांना जात नाही. नुसतं समोर बस. बोलायला नको काही." आईला धाप लागली. ती थांबली. "आणि ताईच्या पुढ्यात एकदम जाऊ नको. दाखवत नाही ती, पण घाबरट आहे. लहानपणापासून."

उत्तर आलं नाही. निदान ऐकू आलं नाही. पण आईने मान हलवली, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"माझं लक्ष होतं हं तुझ्याकडे," ती म्हणाली. "दर वेळी होतं."

मग चित्र हळूहळू पुढे सरकलं, पलंगाजवळ गेलं. डावीकडून एक हात चित्रात आला. मोठ्या माणसाचा, साधा, स्वच्छ हात. त्याने आईच्या पायावरून घसरलेलं पांघरूण वर ओढलं, खांद्यापाशी नीट केलं. करंगळी जराशी आत वळलेली होती. आईने तो हात दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि डोळे मिटले. खुर्चीतली खारू झोपेत कूस बदलून पुटपुटली. हात लगेच मागे गेला. व्हिडिओ संपला.

बाबा स्वतःच्या करंगळीकडे बघत होते. खारूने स्वतःच्या करंगळीकडे बघायचं टाळलं.

"बाबा," तिने विचारलं, "दुपारी तुम्हाला एकटं वाटतं का हो?"

"गंमत आहे," बाबा म्हणाले. "सकाळी वाटतं. दिवेलागणीला तर फारच वाटतं. दुपारी नाही. मी म्हणायचो, जेवण अंगावर येत असेल."

खारू उठून उभी राहिली. "तुम्ही आजच माझ्याकडे चला. बॅग भरते मी."

"नको."

"बाबा, तुमच्या घरात कुणीतरी..."

"आहे," बाबा म्हणाले. "दोन वर्षं तर नक्कीच आहे. माझं काही वाईट झालंय का? वजन वाढलंय उलट, तूच सांगितलंस." त्यांनी तिचा हात थोपटला. "तू घाबरली आहेस. घरी जा. तुला हवा तेवढा वेळ घे. पण मला इथून हलवू नको, आणि ते काही पुसू नको. पुसायचं तेवढं एकदा पुसून झालंय."

तो विनोद होता. खारूला हसू आलं नाही. जिना उतरताना तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि कठड्याला हातही लावला नाही.

८

तिचा तो आठवडा वाईट गेला. शाळेच्या लांब व्हरांड्यात तिला आपल्या पावलांमागे अर्ध्या पावलाचा आवाज यायचा. थांबलं की थांबायचा. प्रतिध्वनीच होता, तिला माहीत होतं, ह्या व्हरांड्यात तो नेहमीच येतो. तरी ती भिंतीच्या कडेने चालायला लागली. वाढीचा तो तक्ता तिने तीनदा फाडायला घेतला.

शुक्रवारी पहिलीची मुलं मोजणीला आली. शेवटी एक बारकी मुलगी पट्टीला पाठ लावून, टाचा उचलून उभी राहिली.

"टाचा खाली," खारू म्हणाली.

मुलीने खाली केल्या. "मी किती झाले?"

खारूने आकडा सांगितला.

"मागच्या वेळी किती होते?"

खारूने वहीत बघून तोही सांगितला. मुलीने मनाशी वजाबाकी केली आणि तिचं तोंड आनंदाने एवढं मोठं झालं, की तिला जगात आणखी काही नको असावं. ती वर्गात सांगायला पळत सुटली.

खारू पट्टीजवळ उभी राहिली. तिच्या मनात आलं, की आपल्या घरात कुणीतरी टेबलाएवढं होतं, मग ओट्याएवढं झालं, मग खिडकीएवढं, आणि तू किती झालंस हे सांगणारं त्याला एकच माणूस होतं. ते माणूसही बाकी सगळ्यांपासून लपवून सांगायचं. आता तेही गेलं. आणि गेली दोन वर्षं ते कुणीतरी रोज दुपारी माझ्या बाबांसमोर बसतंय, सांगितल्याप्रमाणे, न बोलता.

तिने तक्ता खणातून काढला, घडी न पाडता पिशवीत ठेवला. भीती गेली नव्हती. पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि दोघांना एकाच बाकावर बसणं भाग होतं.

९

रविवारी ती अकराला गेली नाही, मुद्दाम दोनला गेली. बाबांचं जेवण झालं होतं. बाहेरच्या खोलीत ऊन फरशीवर लांब पसरलं होतं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बाबा सोफ्याच्या मधोमध बसले होते, आणि समोरची वेताची खुर्ची रिकामी होती. खारू त्या खुर्चीला वळसा घालून गेली.

"आज व्हिडिओ बघायचा नाही, बाबा. काढायचा."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शर्टाची वरची गुंडी लावली.

तिने खिशातून फोन काढला, कॅमेरा सुरू केला आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. पडद्यावर सोफा होता, बाबा होते, मागे खिडकी होती. ती कुणाकडे बघून बोलावं हे न कळून फोनच्या पडद्याकडेच बघत बोलली.

"तू इतकी वर्षं सगळ्यांचे काढलेस. स्वतः कधी समोर आलं नाहीस."

'आलं नाहीस' ऐकून बाबांचं बोट सवयीने वर उठलं. मग त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

"आज मी धरते," खारू म्हणाली. "तू ये."

काही झालं नाही. आत फ्रीज सुरू झाला, त्याची घरघर आली. उन्हात धुळीचे कण तरंगत होते. किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या खुर्चीचा वेत कुरकुरला, ऊन लागून वेत कुरकुरतो तसा. बाबांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. मग गर्दीच्या बाकावर शेजारी कुणी बसायला आलं की माणूस जसा न बघताच सरकतो, तसे ते जरासे डावीकडे सरकले आणि त्यांनी मांडीवरचा हात उचलून सोफ्याच्या पाठीवर लांब ठेवला.

खारूचा फोन हलला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. पडद्यावरून तिने नजर वर काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कशाचं हे तिला सांगता आलं नसतं.

"अजून थोडं आत ये," ती म्हणाली. "अर्धंच दिसतंय."